पेंटरचा अंगठा

पेंटर कुठून पडला, याबद्दल दोन मतं होती. एक पेंटरचं आणि दुसरं त्याच्या बायकोचं.

पेंटर सांगायचा, सातव्या मजल्यावरून. ऐकणारा जरा जास्तच हळहळला, तर नवव्या. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज यायचा, "स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून! छताचा एक कोपरा राहिला होता. मी म्हणत होते, जाऊ द्या, कोण बघतंय वर!" यावर पेंटर पाहुण्याकडे बघून डोळे मिचकवायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "धक्का बसलाय तिला. अजून खरं सांगवत नाही बिचारीला."

खरं काय, तर स्टूलच. ज्या माणसाने अर्धं आयुष्य दोरावर लोंबकळून मोठमोठ्या इमारतींच्या अंगाला रंग फासला, तो घरातल्या डुगडुगत्या स्टुलावरून पडला आणि मान मोडून बसला. पडल्याचं दुःख त्याला होतंच. पण उंचीचं दुःख त्याहून मोठं होतं. इतक्या कमी उंचीवरून पडणं म्हणजे धंद्यात तोंड दाखवायला जागा नाही.

मानेतून खाली उतरणारा मज्जारज्जू चेचला गेला. पाय गेले ते गेलेच. हातांचा मामला मात्र अर्धामुर्धा राहिला. खांदे चालायचे, कोपर वाकायचं, मनगट वर उचलता यायचं. त्यापुढे बोटं होती ती एखाद्या कचेरीतल्या कारकुनांसारखी, सगळी जागेवर हजर, काम एकाकडूनही होत नाही. मनगट वर उचललं की अंगठा आपोआप बाजूच्या बोटावर सैलसर टेकायचा. तेवढ्या जोरावर पेंटर वर्तमानपत्राचं पान धरायचा. चमचा हाताला बांधलेल्या पट्ट्यात अडकवून जेवायचा. कप दोन्ही पंजांत दाबून चहा प्यायचा आणि वर म्हणायचा, "मोठे लोक असाच पितात, दोन्ही हातांनी."

जिभेला मात्र खरचटलंही नव्हतं. तिच्या जोरावर त्याने दुसरा धंदा सुरू केला. त्याच्या ताईचं आणि भाऊजींचं रंगांचं दुकान होतं. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. पण ताई सोडून सगळी दुनिया त्यांना भाऊजीच म्हणायची. डबे उतरवणारे हमाल, विमा एजंट, समोरचा चष्मेवाला, झालंच तर त्यांच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. इतक्या जणांच्या बहिणींशी आपण लग्न कधी केलं, असा प्रश्न भाऊजींना अधूनमधून पडायचा.

या दुकानात काउंटरच्या टोकाला पेंटरची चाकांची खुर्ची लागायची. मागे छतापर्यंत डबे, बाजूला डबा गदगदा हलवणारं मशीन, हवेत थिनरचा वास, आणि मध्ये पेंटर, हातात शेडकार्ड नसलं तरी तोंडात सगळं शेडकार्ड. नवीन लग्न झालेलं जोडपं आलं आणि बेडरूमला गडद जांभळा रंग मागू लागलं, की पेंटर विचारायचा, "भांडता का तुम्ही?" दोघं लाजून म्हणायची, "नाही हो." "मग थोडं थांबा. भांडायला लागलात की या रंगात दोघांना एकमेकांचं तोंड बघवणार नाही. फिकट घ्या, लवकर समेट होतो." भाऊजी कपाळाला हात लावायचे, कारण गडद रंगाचा माल पडून राहायचा. पण जोडपं पुढच्या वर्षी बाळाच्या खोलीचा रंग घ्यायला परत यायचं, हेही तितकंच खरं.

दुपारी जेवणं झाली की दुकानात शुकशुकाट. मग काउंटरवरचे ब्रश बाजूला सरकवून बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. भाऊजी मांडायचे. पांढरे मोहरे भाऊजींचे, काळे पेंटरचे. पेंटर तोंडाने चाल सांगायचा आणि भाऊजी दोन्ही बाजूंचे मोहरे हलवायचे.

आता एकाच माणसाच्या हातात दोन्ही फौजा दिल्यावर तो काय करेल? भाऊजी मनाने सज्जन. लबाडी करायची त्यांची इच्छा नसायची. लबाडी त्यांच्या हातालाच जमायची. पेंटरने चुकीची चाल सांगितली, की वाक्य पुरं व्हायच्या आत मोहरा हललेला असायचा. पण चाल भाऊजींच्या मुळावर येणारी असली, की हात वाटेतच रेंगाळायचा. भाऊजी मान तिरकी करून, एखाद्या आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारायचे, "नक्की?"

पेंटर काही दुधखुळा नव्हता. काही महिन्यांतच त्याच्या लक्षात आलं की पट बघण्यापेक्षा भाऊजींचा हात बघणं जास्त फायद्याचं. तो सहज म्हणायचा, "घोडा पुढे." हात झपकन आला, की लगेच, "नाही नाही, घोडा नको. उंट." हात जरा मंदावला. "किंवा मग हत्ती..." हात हवेत थांबला आणि "नक्की?" आला, की पेंटर खुर्चीत मागे टेकून म्हणायचा, "नक्की म्हणजे काय, आधीपासून तेच डोक्यात होतं." अशी बारा वर्षं गेली. भाऊजींना वाटायचं आपण पेंटरला फसवतो, पेंटरला वाटायचं आपण भाऊजींना फसवतो, आणि दोघांचीही दुपार मजेत जायची.

एकदा पेंटरने सलग तीन डाव मारले. ताई आतून हिशेब टाकून बाहेर आली. "काय रे, आज पण जिंकलास?"

"जिंकला कसला!" भाऊजी मोहरे डब्यात टाकत म्हणाले. "त्याचे मोहरे कोणी हलवले? मी. माझे कोणी हलवले? मी. म्हणजे मीच मला हरवलं. त्याने नुसत्या गप्पा मारल्या."

सगळे हसले. पेंटर सगळ्यांत मोठ्याने हसला. पण घरी जाताना तो गप्प होता, आणि पेंटर गप्प म्हटल्यावर बायकोने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप नव्हता. खोट होती ती अशी की भाऊजी थट्टेत बोलले ते खरं होतं आणि त्यांना माहीत होतं त्याहून जास्त खरं होतं. डाव पेंटरचा नव्हताच. तो भाऊजींच्या हातावरून नक्कल करत होता. तो खरोखर खेळतो तरी का, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. त्याच्या चाली हवेतल्या. बोलल्या काय, पुसल्या काय. एकच डाव, एकदाच, आपल्या हाताने मोहरा उचलून खेळावा आणि काय व्हायचं ते होऊ द्यावं, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं.

पेंटर दरवर्षी तपासणीला इस्पितळात जायचा. त्या वर्षी तिथे हाताची नवीन सर्जन आली होती. तरुण बाई, डोळ्यांवर चष्मा, बोलणं मोजकं. तिने पेंटरचा हात इकडून तिकडून दाबून, वाकवून, उलटसुलट करून पाहिला. चांगली पपई निवडणारा माणूस फळ बघतो तसा.

"तुमचं कोपर छान वाकतंय," ती म्हणाली.

"लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी हेच बघितलं होतं," पेंटर म्हणाला.

डॉक्टर हसली नाही, पण चष्मा वर सरकवला. "कोपर वाकवायला तुमच्याकडे तीन स्नायू आहेत. काम दोघांत भागतं."

"म्हणजे एकजण नुसता उभा आहे?"

"मदत करतो. पण तो नसला तरी चालेल. त्याचं टोक सोडवायचं आणि अंगठा दाबणाऱ्या दोरीला जोडायचं. मग तो अंगठा दाबेल."

पेंटरला हे एका क्षणात कळलं. "एका भिंतीवर तीन माणसं लागली असली, की मुकादम एकाला उचलून शेजारच्या भिंतीवर पाठवतो. तसंच ना?"

"अगदी तसंच."

"पण डॉक्टर, बारा वर्षं झाली. आता त्या अंगठ्याला काय आठवणार?"

"त्याने काही आठवायचंच नाही. ज्याला आपण तिकडे पाठवतोय, तो स्नायू रोज कामावर येतोय. बारा वर्षांत त्याचा एकही खाडा नाही."

मग तिने दुसरी बाजूही नीट सांगितली. पूर्ण मूठ परत येणार नाही. अंगठा बोटाच्या बाजूवर दाबला जाईल, चिमूट धरता येईल, एवढंच. काही आठवडे प्लॅस्टर. त्या काळात आत्ता जे थोडंफार जमतंय तेही जमणार नाही. नंतर महिनोनमहिने व्यायाम. कोणाची पकड घट्ट येते, कोणाची ढिली राहते. आधी सांगता येत नाही. "तुम्हाला हाताने नेमकं काय करायचंय, ते मला कळू द्या. कोणाला लिहायचं असतं, कोणाला दाढी करायची असते."

"घोडा उचलायचाय," पेंटर म्हणाला.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि कागदावर पुन्हा एकदा पेंटरचं वय बघितलं.

"बुद्धिबळातला हो," बायको घाईघाईने म्हणाली. "यांचं बोलणं असंच असतं. माझी बारा वर्षं यातच गेली."

बायकोचा विरोध होता. घरी येईपर्यंत तिने तो धरून ठेवला आणि दार लावल्यावर सोडला. "तुमचं काय जातंय? तुम्ही प्लॅस्टर घालून बसाल राजासारखे. घास मी भरवायचा, डोकं मी खाजवायचं, वर्तमानपत्राचं पान मी उलटायचं, तेही तुम्ही 'उलट' म्हणाल तेव्हाच. सगळ्याची कशी घडी बसवून ठेवलीये मी. आणि हे सगळं कशासाठी? लाकडाच्या घोड्यासाठी!"

"मी जिंकतो, की भाऊजी हरतात, हेच मला कळत नाही गं."

"आणि कळलं की काय करणार?"

"शांत झोपणार."

"आत्ताही घोरताच की." तिने दिवा मालवला. पण सकाळी पेंटर उठला तेव्हा पलंग भिंतीपासून हललेला होता. उजव्या हाताला मोकळी जागा ठेवली होती, प्लॅस्टर ठेवायला उशांचा ढीग रचला होता, आणि बायको फोनवर ताईला सांगत होती, "नाही ऐकत तर काय करू? दुकानात महिनाभर रंग तुम्हीच सांगा लोकांना."

ऑपरेशन झालं. प्लॅस्टरमध्ये पेंटरचा हात कोपरातून वाकलेला आणि जरा वर उचललेला होता, वर्गात शंका विचारायला मुलगा हात वर करतो तसा. महिनाभर घरी कसला बसतोय, तशाच हाताने तो दुकानात हजर झाला. तिथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटायचं, यांना काहीतरी विचारायचंय. बायको भरवायची तेव्हा पेंटर सूचना द्यायचा. घास मोठा आहे, घास लहान आहे, आधी भाजी, मग दुसरं. शेवटी तिने एकदा चमचा खाली ठेवून विचारलं, "डॉक्टरांना विचारू का, जबड्याला पण प्लॅस्टर घालतात का ते?"

प्लॅस्टर निघाल्यावर पेंटर फिजिओच्या ताब्यात गेला. फिजिओ म्हणजे एक दणकट बाई. आवाज असा की तिने 'हळू' म्हटलं तरी पेशंट दचकायचे.

"अंगठा दाबा," ती म्हणाली.

पेंटरने सगळा जीव अंगठ्यात गोळा केला. कपाळावर शीर उमटली. अंगठा ढिम्म.

"अंगठ्याचा विचार करू नका. कोपर वाकवायचा विचार करा."

"पण मला कोपर वाकवायचं नाहीये."

"माहितीये. पण त्या खात्याची कचेरी बदललीये आता. अंगठ्याचं काम असलं तरी अर्ज कोपराकडे करायचा."

पेंटरने डोळे मिटले, मनात कोपराला विनंती केली. अंगठा हलला. जरासाच. पडदा वाऱ्याने हलावा तेवढा. पेंटरने डोळे उघडले तेव्हा फिजिओ अंगठ्याकडे बघत होती आणि बायकोही अंगठ्याकडेच बघत होती. मग बायकोने आपलं बोट त्याच्या अंगठ्याखाली ठेवलं. "परत करा." त्याने परत केलं. तिने बोट काढून घेतलं नाही. बराच वेळ तसंच ठेवलं. मग म्हणाली, "नखं वाढलीयेत तुमची," आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

त्यानंतर त्या कुटुंबाला कोपराचं वेड लागलं. घरी बायकोने कपडे वाळत घालायचे चिमटे पुढ्यात टाकले. "कोपर!" दुकानात ताईने डब्यांची झाकणं, ब्रशचे दांडे, रंग ढवळायच्या काड्या. "अरे, कोपर!" पेंटर चिमटा उचलायला गेला की समोरचा चष्मेवालासुद्धा रस्त्यापलीकडून ओरडायचा, "कोपर, पेंटर, कोपर!" एक नवीन गिऱ्हाईक घाबरून स्वतःचं कोपर झटकून बघून गेलं, काही चिकटलंय का म्हणून.

पकड हळूहळू आली, आणि आली ती जरा आगाऊच आली. अर्ज कोपराकडे केला की चिमूट निघायची, हे ठीक. पण कोपर नुसतं वाकवलं तरी चिमूट निघायची. पेंटर नाक खाजवायला गेला आणि स्वतःच्याच नाकाला चिमटा काढून किंचाळला. ताईला "ये" म्हणून हात वर करायला गेला आणि तिच्या पदराचं टोक धरून बसला. पण सगळ्यांत कहर झाला तो बँकेच्या मॅनेजरचा.

मॅनेजरसाहेब भिंतीच्या रंगाचा नमुना बघायला काउंटरवर वाकले होते. त्यांचा टाय पेंटरच्या पंज्यावर लोंबत होता. पेंटरने हात मागे घेण्यासाठी कोपर वाकवलं, आणि साहेब खाली आले.

"अहो, सोडा!"

"सोडतोय साहेब. मी कोपराचा विचार करतोय म्हणून पकड बसलीये. विचार थांबवला की सुटेल."

"मग थांबवा ना!"

"तुम्ही ओरडताय तोवर विचार कसा थांबेल? जरा दुसरं काहीतरी बोला."

"दुसरं काय बोलू?" साहेबांचं नाक शेडकार्डाला टेकलं होतं.

"आता वाकलाच आहात तर बघून घ्या. खालून तिसरा. तुमच्या हॉलला शोभेल."

साहेबांनी नाइलाजाने खालून तिसरा बघितला. पेंटर रंगात गुंतला, कोपर विसरला, आणि टाय सुटला. सरळ उभे राहून साहेबांनी टाय नीट केला, भाऊजींकडे रागाने पाहिलं, आणि खालून तिसऱ्या रंगाचे आठ डबे नेले. भाऊजी नंतर कित्येक दिवस गिऱ्हाइकांना पेंटरच्या जवळ उभं करत होते.

अखेर पेंटरने जाहीर केलं, "उद्या दुपारी डाव. माझे मोहरे मी हलवणार."

दुसऱ्या दिवशी भाऊजी मोठा खोका घेऊन आले. मुलांच्या बागेत ठेवतात तसले भले थोरले प्लॅस्टिकचे मोहरे. "तुला धरायला सोपे," ते प्रेमाने म्हणाले. पेंटरने हत्तीकडे पाहिलं. "याने खेळायचं, की यावर बसून घरी जायचं? जुना पट काढा."

जुना पट निघाला. भाऊजींनी आपली पहिली चाल केली. पेंटरचा हात काउंटरवर सरकत पुढे गेला, प्याद्यापाशी थांबला. ताई आणि बायको मागे उभ्या होत्या. दोघींनी ओठ घट्ट मिटले होते, 'कोपर' बाहेर पडू नये म्हणून. अंगठा दाबला गेला, प्यादं उठलं, डगमगलं, दोन घरं पुढे जाऊन बसलं. जरासं तिरकं बसलं. भाऊजींनी ते सरळ करायला बोट पुढे केलं.

"असू द्या," पेंटर म्हणाला. "तिरकंच उभं राहतं ते."

डाव सुरू झाला आणि पेंटरला घाम फुटला. आता भाऊजींचा हात त्यांच्या मांडीवर होता. झपकन येणं नाही, रेंगाळणं नाही, काही नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला पटाकडे बघावं लागत होतं, आणि पट काहीच सांगत नव्हता. तो विचार करायला लागला. इतका, की मध्येच भाऊजींचा डोळा लागला आणि ताईने त्यांना कोपरखळी मारून उठवलं. पेंटरने एक उंट फुकट घालवला. मग भाऊजींचा घोडा मारला. मग, कसं कोण जाणे, एक हत्तीही मारला. मेलेला हत्ती उचलून पटाबाहेर ठेवेपर्यंत तो चिमटीतून सुटला नाही. आपण खेळू शकतो. चांगलं नाही, पण खेळू शकतो. त्याचे कान लाल झाले.

डाव त्याच्याकडे झुकला होता. भाऊजी खुर्चीच्या टोकावर आले होते. पेंटरच्या राजाच्या दाराशी त्याचा वजीर पहारा देत होता, आणि त्याच्या शेजारीच पेंटरचा पंजा विसावला होता. एवढ्यात घामाचा एक थेंब कपाळावरून निघाला, नाकाच्या शेंड्यावर येऊन लटकला. पेंटरने नाक पुसायला कोपर वाकवलं.

हात नाकापाशी आला तेव्हा त्यात वजीर होता.

पेंटर डोळे तिरळे करून नाकासमोरच्या वजिराकडे बघत राहिला.

"ठेव, ठेव परत," भाऊजी हसून म्हणाले. "चुकून आला हातात."

"हात लावला," पेंटर म्हणाला.

"अरे, नाक पुसत होतास तू!"

"भाऊजी, नियम काय आहे?"

"नियम गेला खड्ड्यात. आपण घरातली माणसं."

"नियम काय आहे?"

"ज्याला हात लावला तोच मोहरा चालवायचा," भाऊजी वैतागून म्हणाले. "पण तो नियम धडधाकट..." आणि त्यांनी जीभ चावली. ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की शेल्फवरचे डबेसुद्धा जरा मागे सरकले असते.

पेंटर रागावला नाही. वजीर अजून चिमटीत धरूनच तो म्हणाला, "बारा वर्षं मी दहादा चाल बदलली, तुम्ही एकदा अडवलं नाहीत. का अडवाल? हवेतल्या बोलण्याला कसला नियम! आता हात दिलाय ना डॉक्टरांनी, मग त्याच्यासोबत नियमही द्या. अर्धा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नका."

"पण तू हरशील, गाढवा! जिंकत आलायस!"

"ते बघू."

"बघू काय! वजीर हलला की माझा उरलेला हत्ती थेट आत. संपलं."

बायकोला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने पदराने पेंटरच्या नाकावरचा थेंब पुसला आणि भाऊजींना विचारलं, "भाऊजी, एवढंच सांगा. वजीर उचलला तो हात यांचाच होता ना?"

"त्याचाच."

"दुसऱ्या कोणी नाही ना लावला?"

"नाही."

"मग?"

पेंटरने पटावर वजिरासाठी जागा शोधली. बराच वेळ शोधली. राजाला वाचवणारी एकही नव्हती. मग त्यातल्या त्यात रुबाबदार दिसेल अशा घरात, पटाच्या मधोमध, त्याने वजीर नेऊन ठेवला.

आता पाळी भाऊजींची. त्यांच्या हाताला कधी इतका वेळ लागला नव्हता. तो हत्तीकडे जायचा, परत यायचा. शेवटी त्यांनी गुपचूप एका कडेच्या प्याद्यावर बोट टेकवलं.

"ते प्यादं सरकवलंत," पेंटर म्हणाला, "तर आजपासून तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही."

"ही धमकी आहे की बक्षीस?" ताईने विचारलं.

"आणि आता तुमचंही बोट प्याद्याला लागलंय, भाऊजी," बायको म्हणाली. खेळ समजत नसला तरी नियम तिला नुकताच समजला होता.

"नुसतं टेकलं होतं!" भाऊजी ओरडले. "उचललं कुठे?"

"भाऊजींना एवढी सूट देतो," पेंटर म्हणाला. "सवयीचा हात आहे त्यांचा, सगळीकडे जातो. भाऊजी, हत्ती."

भाऊजींनी हत्ती उचलला आणि शेवटच्या ओळीत नेऊन ठेवला. शह तेवढा पेंटरनेच म्हटला. राजाला हलायला घर नव्हतं. पेंटरने या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं, मान खाली घालून पटाच्या पातळीवरून बघितलं. नव्हतंच.

"मेला," तो म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला. त्याच्या पोटातून हसू वर आलं. खांदे गदगदा हलले, तिकडे डबे हलवायचं मशीन हलतं तसे. "भाऊजी, तुम्ही मला हरवलंत! मला! स्वतःला नाही!"

भाऊजी पण हसायला लागले. डोळे मात्र चष्मा काढून पुसत होते, आणि म्हणत होते, थिनर उघडा राहिलाय, कोणीतरी बघा.

दारात एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याला छताला पांढरा रंग हवा होता आणि घाई होती. तेवढ्यात पेंटर म्हणाला, "हरलेल्याने पट मांडायचा," आणि पंजा सरकवत पहिल्या प्याद्याकडे निघाला.

"बसा थोडं," ताई गिऱ्हाइकाला म्हणाली आणि एक भरलेला डबा पुढे सरकवला. "आमचा भाऊ हरलाय. मोहरे लावतोय."

"अरेरे," गिऱ्हाईक म्हणालं.

"अरेरे काय त्यात?" ताई डाफरली. "स्वतः हरलाय तो!"

गिऱ्हाईक मुकाट्याने डब्यावर बसलं. प्यादं उठलं, आपल्या घरात बसलं. दुसरं उठलं, वाटेत निसटलं, काउंटरवरून घरंगळत भाऊजींच्या पोटापाशी जाऊन थांबलं. भाऊजींचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. त्यांनी प्याद्याकडे पाहिलं, पेंटरकडे पाहिलं, आणि हात तसेच दाबून ठेवले. पेंटरचा पंजा काउंटरवरून त्यांच्याकडे सरकायला लागला होता.